थेंब मोजून घेतलेले व्हॉल्व्ह

मार्चअखेर आमच्या कारखान्याचा गळीत हंगाम संपला आणि चौथ्याच दिवशी फोरमन अण्णांनी मला बॉयलरकडे बोलावून घेतलं. मी खरेदी विभागात. बॉयलर हाउसला माझं रोज जाणं होत नाही. पण अण्णांचा निरोप आला की समजायचं, काहीतरी डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. पीआरडीएसच्या, म्हणजे वाफेचं प्रेशर आणि तापमान उतरवणाऱ्या यंत्रणेच्या, आधीचा आठ इंची गेट व्हॉल्व्ह त्यांनी उघडून ठेवला होता. बॉनेट, म्हणजे वरचं झाकण, बाजूला, आणि वेज, म्हणजे वाफेची वाट अडवणारं पाचरीसारखं दार, लाकडी ओंडक्यावर उभं. "बोट फिरवा मॅडम," म्हणाले. वेज जिथं टेकतं त्या सीटच्या कडेवरून मी बोट फिरवलं. आरशासारखी गुळगुळीत असायला हवी ती कड. तिच्यावर आरपार तिरपे चरे पडले होते, तारेनं कापल्यासारखे. नख अडकत होतं.

"वाफेनं कापलंय. हाय तसं घासून, लॅपिंग करून दोनदा चालवलं. आता मासच उरलं न्हाई."

आमचा बॉयलर जुना, 21 किलो प्रेशरचा, वाफेचं तापमान 340 अंश. व्हॉल्व्ह पुरता बसला नाही की केसाएवढ्या फटीतून वाफ सुसाट निघते आणि ती फटच कोरत जाते. याला वायर ड्रॉइंग म्हणतात, आणि असा व्हॉल्व्ह 'पासिंग' झाला म्हणतात. त्या हंगामात पीआरडीएस बंद ठेवला तरी हा व्हॉल्व्ह आतून वाफ सोडत होता, एक्झॉस्ट लाइनचं प्रेशर चढत होतं आणि वरून ब्लो सुटत होता. रात्री तो आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. शेतकऱ्याच्या उसाचा बगॅस, म्हणजे चिपाड, जाळून केलेली वाफ अशी आभाळात जाताना ऐकली की झोप लागत नसे, हे मी मनापासून सांगते.

अण्णांनी यादी दिली. आठ इंची चार, सहा इंची सहा, चार इंची सहा, शिवाय ड्रेन आणि व्हेंटचे लहान व्हॉल्व्ह. मी नेहमीप्रमाणे आमच्या जुन्या पुरवठादाराला मेल टाकला. बावीस वर्षं आम्ही त्यांचेच व्हॉल्व्ह वापरत आलो होतो, दुसरीकडे बघायची गरजच पडली नव्हती. उत्तर आलं तीन ओळींचं: तीस आठवडे लागतील, आणि एवढ्या लहान ऑर्डर कंपनी आता थेट घेत नाही.

तीस आठवडे म्हणजे ऑक्टोबरचा शेवट. आमच्याकडे दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर अग्निप्रदीपन होतं, त्याआधी बॉयलर इन्स्पेक्टरची तपासणी, हायड्रॉलिक टेस्ट. माल ऑगस्टअखेर स्टोअरला पोचला नाही तर जुनेच चरे पडलेले व्हॉल्व्ह पुन्हा चढवावे लागणार. माझ्या हातात एप्रिल ते ऑगस्ट असे पाच महिने होते आणि बावीस वर्षांत आम्ही दुसऱ्या एकाही कंपनीचा स्टीम व्हॉल्व्ह उघडून बघितलेला नव्हता.

सात ठिकाणी एन्क्वायरी पाठवली. कोइमतूर, अहमदाबाद, जालंधर, पुणे, कोल्हापूरकडचा एक, हुबळीचे दोन. व्हॉल्व्हचा धंदा या देशात काही ठरावीक गावांभोवती वाढलाय, आणि आमच्या सुदैवानं हुबळी त्यांतलंच एक. आमच्या भागातून हायवे धरला की बेळगाव, कित्तूर, धारवाड करत अर्ध्या दिवसात पोचता येतं. पण हे शहाणपण मला नंतर सुचलं. आधी मी जे केलं ते सगळेच करतात: सात कोटेशन आली, सात रकाने आखले, खाली बेरीज मारली आणि तुलनात्मक पत्रक घेऊन चीफ इंजिनिअरसाहेबांकडे गेले. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत महाग यांत जवळजवळ दुपटीचा फरक होता. साहेबांनी पत्रक न वाचताच विचारलं, "या सातांनी एकाच वस्तूचा दर दिलाय का?"

दिला नव्हता. ते बघायला मला दोन आठवडे लागले, आणि या सगळ्या प्रकरणात मी सर्वांत जास्त शिकले ते याच दोन आठवड्यांत.

आमच्या एन्क्वायरीत फक्त "8 इंची कास्ट स्टील गेट व्हॉल्व्ह, आयबीआर, 300 क्लास" एवढंच होतं. आयबीआर म्हणजे बॉयलरचे सरकारी नियम, क्लास म्हणजे व्हॉल्व्हची प्रेशर सोसण्याची श्रेणी. बावीस वर्षं एकाच घरून माल घेतला की बाकीचं त्यांना ठाऊक असतं, लिहावं लागत नाही. नव्या माणसाला मात्र लिहिलं नाही ते माहीत नसतं, किंवा जे स्वस्तात बसेल ते तो धरतो. एकानं वेज सॉलिड धरलं होतं, दुसऱ्यानं फ्लेक्सिबल. यातला फरक अण्णांनी मला समजावला: गरम लाइनवर व्हॉल्व्ह घट्ट बंद केला आणि मग लाइन थंड झाली की बॉडी आकसते, सॉलिड वेज पाचरीसारखं अडकून बसतं, मग चाकाला पाइप लावून दोघांनी ओढा. फ्लेक्सिबल वेजच्या दोन चकत्यांमध्ये खाच असते, ती थोडी लवते. आमचा जुना व्हॉल्व्ह फ्लेक्सिबलच होता. एकानं सीटवर स्टेलाइट या कडक मिश्रधातूचा थर दिला होता, तिघांनी नुसतं 13 टक्के क्रोमियमचं स्टील. एपीआय 600 या गेट व्हॉल्व्हच्या मानकाच्या भाषेत ट्रिमचे, म्हणजे आतल्या सीट-वेजच्या धातूंचे, नंबर वेगवेगळे. कोटेशनमध्ये ते एका आकड्यानं लिहिलेलं असतं, ट्रिम 1, ट्रिम 8, ट्रिम 5, आणि खरेदीवाल्याची नजर त्यावरून घसरून दराच्या रकान्यावर जाते. वाफेनं कापलेली ती कड मी बोटानं चाचपली नसती तर माझीही गेली असती.

सगळ्यांत स्वस्त कोटेशन तर 150 क्लासचं निघालं. मी फोन केला. डीलर अगदी आदरानं बोलला: "मॅडम, तुमचं प्रेशर 21 किलो. 150 क्लासची ताकद 19.6 बार. जवळजवळ तेवढीच की. जुळणारे फ्लँजही मी देतो, पैसे वाचतील." ऐकायला सरळ वाटतं. पण तो 19.6 चा आकडा 38 अंश तापमानाचा आहे. पोलाद तापलं की त्याची ताकद उतरते, आणि किती उतरते ते एएसएमई बी16.34 या मानकाच्या तक्त्यात दिलंय. साध्या कार्बन स्टीलच्या, म्हणजे डब्ल्यूसीबीच्या, 150 क्लास व्हॉल्व्हला 350 अंशांला फक्त 8.4 बार परवानगी आहे. त्याच तापमानाला 300 क्लास 37.6 बार सोसतो. 21 किलोच्या वाफेवर तो 150 चा व्हॉल्व्ह चढवणं म्हणजे बॉयलर अटेंडंटच्या जिवाशी खेळ. डीलरला फसवायचं होतं असं मला वाटत नाही, त्यानं तापमान विचारलंच नव्हतं आणि मीही ते एन्क्वायरीत लिहिलं नव्हतं. त्या दिवशी मी तो तक्ता छापून टेबलाच्या काचेखाली ठेवला. अजून तिथंच आहे.

मग दुसरी एन्क्वायरी काढली, दीड पानाची. प्रेशर, तापमान, क्लास, बॉडीचं मटेरियल ए216 डब्ल्यूसीबी, फ्लेक्सिबल वेज, सीटवर आणि वेजवर दोन्हीकडे स्टेलाइट, ग्रॅफाइट पॅकिंग, स्पायरल वाउंड गॅस्केट, एपीआय 598 या मानकाप्रमाणे टेस्ट, आयबीआरचं सर्टिफिकेट, म्हणजे फॉर्म तीन-क. आणि फेस टू फेस, म्हणजे एका फ्लँजच्या तोंडापासून दुसऱ्याच्या तोंडापर्यंतची लांबी. आठ इंची 300 क्लासला ती 419 मिलिमीटर असते, सहा इंचीला 403. सगळ्या चांगल्या कंपन्या या मापाला धरूनच करतात, पण एकाच्या ड्रॉइंगमध्ये ती वेगळी दिसली. विचारलं तर म्हणे आमचा स्वतःचा पॅटर्न आहे, मधे तुकडा जोडून घ्या. 3.5 किलोच्या वरच्या वाफेची लाइन आयबीआरखाली येते. तिच्यात एक वेल्ड वाढवायचं म्हटलं तर ड्रॉइंग, मंजूर वेल्डर, रेडिओग्राफी, सगळं आलं. ते कोटेशन मी तिथंच बाजूला ठेवलं.

या टप्प्यावर एका संचालकांनी कळकळीनं सुचवलं, "उद्यमबागेत, मच्छेत एवढ्या फाउंड्री आहेत, आपल्याच माणसांकडून ओतून घ्या की." बेळगावच्या कारागिरीचा अभिमान मलाही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली सायकलचं दुकान काढलं ते याच गावात, आणि इथल्या ओतकामावर पुण्यामुंबईचे कारखाने चालतात. पण आमच्याकडच्या बऱ्याच फाउंड्री बिडाच्या आणि एसजी आयर्नच्या कामात मुरलेल्या आहेत. वाफेच्या व्हॉल्व्हची पोलादी बॉडी ओतायची तर आयबीआरची मान्यता लागते, प्रत्येक ओतीचा कागद लागतो. पंपाच्या केसिंगसाठी, मिलच्या बेअरिंगच्या घरासाठी आम्ही उद्यमबागेतच जातो. व्हॉल्व्हसाठी तसं जाता आलं नाही याचं मला वाईट वाटलं.

दुसऱ्या फेरीत चौघे उरले. त्यांच्यापैकी तिघांकडून सहा इंचीचा एकेक नमुना मागवला, पैसे देऊन. फुकट नमुना मागितला की निवडून पाठवतात.

नमुने आले त्या दिवशी मी आणि स्टोअरकीपर काका वायर ब्रश, खडू आणि भिंग घेऊन बसलो. व्हॉल्व्हच्या बॉडीवर ओततानाच उठावाची अक्षरं येतात: साइज, क्लास, डब्ल्यूसीबी, आणि हीट नंबर, म्हणजे ज्या भट्टीच्या ओतीतून ती बॉडी निघाली तिचा क्रमांक. बहुतेक वेळा वरून रंग बसलेला असतो. काकांनी रंग खरवडला, मी खडू आडवा धरून त्या उठावावर घासला. पाटीवर अक्षरं उमटावीत तसे पांढरे आकडे वर आले. मग सर्टिफिकेट काढून आकडा आकड्याला लावायचा. पहिला नमुना जुळला. दुसऱ्याची बॉडी जुळली, बॉनेटही जुळलं. तिसऱ्याच्या बॉडीवरचा हीट नंबर सर्टिफिकेटवर कुठंच नव्हता.

मी त्या कंपनीला फोन लावला. "टायपिंग मिस्टेक असेल मॅडम, लगेच बघतो." तासाभरात नवं सर्टिफिकेट मेलवर आलं, हीट नंबर आता बरोबर होता. मी जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवलं. कार्बन, मँगनीज, सिलिकॉन, गंधक, फॉस्फरस, सगळे आकडे तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत तेच. ताण सोसण्याची ताकद तीच, लांबण्याची टक्केवारी तीच. दोन वेगळ्या ओतींचं रसायन असं कधी जुळत नाही. भट्टी तीच, माणसं तीच असली तरी शेवटचा आकडा हलतोच. म्हणजे कागद धातू तपासून केलेला नव्हता, नुसता नंबर बदलला होता.

त्या व्हॉल्व्हचं काम दिसायला तिघांत सगळ्यांत देखणं होतं. रंग सुंदर, चाक हलकं फिरायचं. माल कदाचित चांगलाही असेल. पण सर्टिफिकेटवर सही करणाऱ्यानं तो धातू पाहिलेलाच नाही हे कळल्यावर मी त्याच्यापुढं अटेंडंटला उभं करू शकत नव्हते. दरात तो सगळ्यांत खाली होता, म्हणजे एल-वन. ती फाइल बंद करताना पुढं परचेस कमिटीत काय काय ऐकावं लागेल ते डोळ्यांसमोर आलं आणि पोटात गोळा आला.

उरलेल्यांविषयी मी कारखान्याकारखान्यांत फोन केले. सीमाभागात आम्हा खरेदीवाल्यांची एक न लिहिलेली वही असते. अथणी, हुक्केरी, मुधोळ इकडे, आणि कागल, शिरोळ, हातकणंगले तिकडे. ऊस पळवण्यावरून कारखान्यांची भांडणं होतात, पण स्टोअरची माणसं एकमेकांना गॅस्केटसुद्धा उसनी देतात. निम्मे फोन कन्नडात, निम्मे मराठीत. "व्हॉल्व्ह कसे आहेत?" असं मी विचारलंच नाही, त्याला सगळे "बरे आहेत" म्हणतात. मी विचारलं: कितवा हंगाम? ग्लँड कितीदा आवळावा लागला? स्पिंडल किंवा योक स्लीव्हसारखा सुटा भाग मागवला तर किती दिवसांत आला? बंद पडला तेव्हा त्यांचा माणूस आला का, आणि आला तो विकणारा होता की काम करणारा? या शेवटच्या प्रश्नावर फोनवरची माणसं खुलली. एका कंपनीविषयी चौघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितलं, की माल चांगला पण नंतर फोन उचलत नाहीत. हुबळीच्या एकाविषयी शिरोळकडच्या काकांनी सांगितलं, "आमच्या तिसऱ्या हंगामात एक पासिंग झाला. रविवारी त्यांचा फिटर ब्लू आणि लॅपिंग पेस्ट घेऊन बसनं आला. बिल लावलं, पण आला." 'बिल लावलं, पण आला' हे मी डायरीत तसंच्या तसं लिहून ठेवलंय.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णा, मी आणि ज्युनिअर इंजिनिअर हुबळीला गेलो. पाऊस सुरू झाला होता, कित्तूरच्या पुढं रस्ता दिसेना. कारखाना लहानच, पण टेस्ट बेंच शॉपच्या मधोमध, कुणाच्याही नजरेसमोर. दुसऱ्या एका कंपनीत आम्हाला ऑफिसात बसवून व्हिडिओ दाखवला होता, ते मला आठवलं.

आमच्यासारख्याच एका गिऱ्हाइकासाठी केलेले आठ इंची 300 क्लासचे तीन व्हॉल्व्ह तयार होते. "यांतला कुठलाही दाखवा," मी म्हटलं. तिथले सुपरवायझर म्हणाले, "तिन्ही बघा की." आधी बॉडीची टेस्ट. दोन्ही तोंडं बंद करून आत पाणी, 38 अंशांच्या रेटिंगच्या दीडपट प्रेशर, म्हणजे 77 बार, दोन मिनिटं. बेंचवरचा माणूस पन्नाशीचा, कमी बोलणारा. पाणी भरण्याआधी त्यानं फडक्यानं अख्खी बॉडी कोरडी पुसून घेतली, बॉनेटच्या सांध्यातली, बोल्टच्या खालची ओलसुद्धा. घाम आला तर तो आतलाच हे कळावं म्हणून. तिन्ही बॉड्या कोरड्या राहिल्या. मग सीटची टेस्ट. गेट व्हॉल्व्हला एपीआय 598 नुसार हवेची कमी प्रेशरची टेस्ट सक्तीची असते, पाण्याची जास्त प्रेशरची गिऱ्हाइकानं मागितली तर. आम्ही दोन्ही मागितल्या. धातूवर धातू बसणाऱ्या सीटला थोडं गळायला परवानगी आहे: आठ इंचीला मिनिटाला वीस थेंब. हे मला आधी विचित्र वाटलं होतं. नव्या व्हॉल्व्हनं गळायचंच कशाला? पण रबरासारखं दबून बसणारं काही तिथं नसतं, दोन कडक पृष्ठभाग घासून एकमेकांना जुळवलेले असतात.

पहिल्या व्हॉल्व्हला एका बाजूनं तीन थेंब आले, दुसऱ्या बाजूनं एकही नाही. दुसऱ्याला सात आणि चार. तिसऱ्याला तो माणूस खाली वाकला, टॉर्च धरला आणि मोजायला लागला: ओंदु, एरडु, मूरु... माझ्या शेजारी अण्णा पुटपुटत मराठीत मोजत होते. ज्युनिअर घड्याळाकडं बघत होता. मी थेंबाकडं बघत होते. तो सीटच्या खालच्या कडेवर जमायचा, फुगायचा, त्यात टॉर्चचा ठिपका दिसायचा आणि मग तुटायचा. मिनिट संपलं. अण्णा तेविसावर होते. आमच्यापैकी कुणी काही बोलायच्या आतच तो माणूस सरळ उभा राहिला, सुपरवायझरकडं बघून म्हणाला, "इप्पत्तमूरु. आगलिल्ल्री." तेवीस, झाला नाही. आणि खिशातून लाल खडू काढून त्यानं त्या व्हॉल्व्हवर फुली मारली.

सुपरवायझरांनी तोंड वाकडं केलं नाही, की "पुन्हा एकदा घट्ट आवळून बघ" असंही म्हणाले नाहीत. व्हॉल्व्ह उघडायला सांगितला. वेजला निळा रंग लावून सीटवर टेकवलं तर खालच्या बाजूला बोटभर जागी निळं उमटलंच नव्हतं. लॅपिंग सुरू झालं. आम्ही जेवून आलो, खानावळीत जोळद रोट्टी आणि एण्णगाई. परत आल्यावर पुन्हा टेस्ट, पाच थेंब. अण्णा येताना गाडीत कितीतरी वेळ गप्प होते. धारवाड गेल्यावर म्हणाले, "मॅडम, ह्यांचंच घ्या. त्या माणसानं आमच्यासमोर फुली मारली."

मीही तेच ठरवलं होतं, पण सहकारी कारखान्यात तेवढ्यानं भागत नाही. परचेस कमिटीत पहिलाच प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला, एल-वन का सोडला? मी दोन्ही सर्टिफिकेटं टेबलावर ठेवली आणि काही न बोलता थांबले. एक संचालक शाळामास्तर होते, त्यांनी चष्मा वर करून आकडे ताडून बघितले. "हे तर कॉपी केलंय," म्हणाले. त्यांनी उभी हयात पोरांच्या कॉप्या पकडल्या होत्या. त्यानंतर कुणी एल-वनचं नाव काढलं नाही. मग मी हुबळीचा दर आमच्या जुन्या पुरवठादाराच्या गेल्या वेळच्या दराशी लावून दाखवला, थोडासा कमीच होता. कोल्हापूरचा का नाही, जवळ पडतो, असंही कुणी विचारलं. कोल्हापूर दुसऱ्या राज्यात, म्हणून तिथल्या बिलावर आयजीएसटी लागतो, हुबळीच्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी, पण क्रेडिट दोन्हीकडं सारखंच, त्यामुळं सीमेच्या इकडचा-तिकडचा म्हणून दरात काही फरक पडत नाही हे समजावलं. चार इंचीची ऑर्डर मात्र आम्ही कोल्हापूरकडच्याच कंपनीला दिली. तिचा नमुना चोख निघाला होता आणि एकाच पुरवठादारावर पुन्हा बावीस वर्षं विसंबून राहायचं नाही हे माझं मत कमिटीनं मान्य केलं. ड्रेन-व्हेंटचे 800 क्लासचे फोर्ज्ड व्हॉल्व्ह आणखी एका कंपनीकडून.

सहा इंचीच्या सहापैकी चारच मंजूर झाले, दोन पुढच्या वर्षावर गेले. पैसे नव्हते.

पैशांविषयी एक सांगायलाच हवं, कारण चांगला पुरवठादार टिकवायचा तर ते आपल्याकडून व्हावं लागतं. हुबळीची कंपनी लघु उद्योगात नोंदलेली. अशा उद्योगाचं बिल करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यायचं, नाहीतर तो खर्च आयकरात त्या वर्षी वजा मिळत नाही. हे कलम 43बी(एच) 2024-25 या कर निर्धारण वर्षापासून लागू झालं. आमच्यासारख्या कारखान्यात साखर विकली जाईपर्यंत बिलं थांबवायची सवय जुनी आहे. त्या तीस आठवड्यांच्या उत्तरामागं आमची बावीस वर्षांची थकवाथकवी नसेलच असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. अकाउंट्सच्या साहेबांकडून मी 45 दिवसांची अट ऑर्डरमध्येच लिहून घेतली, आणि चव्वेचाळिसाव्या दिवशी पैसे गेले तेव्हा त्यांना स्वतः जाऊन धन्यवाद दिले.

माल गणेश चतुर्थीच्या आधी आला. काका आणि मी पुन्हा खडू घेऊन बसलो. आठही व्हॉल्व्हच्या बॉडी आणि बॉनेट, मिळून सोळा हीट नंबर. सगळे फॉर्म तीन-कला जुळले. एका सहा इंचीच्या स्पिंडलला वाहतुकीत ओरखडा पडला होता, वेष्टणाची लाकडी पट्टी तुटून आत गेली होती. फोटो पाठवला, पाचव्या दिवशी नवं स्पिंडल घेऊन त्यांचा फिटर आला. या वेळी बिल लावलं नाही.

नोव्हेंबरात अवेळी पाऊस झाला, फडात चिखल, गाड्या अडकल्या, ऊस येईना. मिल नऊ तास बंद राहिली. पीआरडीएसकडं जाणारा तो आठ इंची व्हॉल्व्ह बंद केला होता. मी मुद्दाम गेले. अण्णांनी एक लांब सळई घेतली, तिचं एक टोक व्हॉल्व्हच्या बॉडीवर टेकवलं, दुसरं माझ्या कानाजवळ आणलं. गेल्या वर्षी याच जागी पातेल्यात पाणी उकळावं तसा आवाज येत होता. आता लांबून फीड पंपाची घरघर ऐकू येत होती, बाकी काही नाही. मी परत एकदा टेकवून ऐकलं.

"त्या राहिलेल्या दोन सहा इंचीचं कोटेशन आताच मागवून ठेवा," अण्णा म्हणाले. मी ऑफिसात येऊन फाइल काढली.